पाळणाघराची जागा बदलताना

गाव एक, भाग दोन. जुनं अचलपूर आणि पूर्वीची छावणी असलेला परतवाडा. दोन्हींची नगरपरिषद एकच. एसटी स्थानक, बाजारपेठ आणि चिखलदरा-धारणीची वाट परतवाड्याकडे. नोकरदार आईबापांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवरचं घर म्हणूनच महत्त्वाचं.

अंगणवाडी आणि पाळणाघर: अंगणवाडी ही 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतली सरकारी सेवा, वेळ मोजक्या तासांची. खासगी पाळणाघर दिवसभराचं, फी पालकांकडून.

‘पाळणा’ योजना: केंद्र सरकारच्या मिशन शक्तीखालची पाळणाघर योजना, 2022 पासून. मुलांचं वय 6 महिने ते 6 वर्षं.

मालकाची जबाबदारी: 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक, आईला दिवसातून 4 भेटींची मुभा. (सामाजिक सुरक्षा संहिता 2020; पूर्वी मातृत्व लाभ कायदा 1961, दुरुस्ती 2017)

भाडेकरार: लेखी आणि नोंदणीकृतच, नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. (महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55) पाळणाघर चालवण्याची परवानगी करारात स्पष्ट लिहून घ्यावी. उद्यम नोंदणी असल्यास पत्ता बदलावा.

जागा पाहताना: वऱ्हाडातला मे महिना ध्यानात ठेवावा. टिनाच्या छताची खोली दुपारी लेकरांच्या झोपेला चालत नाही. विहीर किंवा हौद असेल तर त्यावर घट्ट झाकण, गच्चीच्या जिन्याला दार.