चार वाजताची शुगर

लिव्हरच्या ओपीडीत रुग्णाने शुगरची वही पुढे केली की मी आकड्यांआधी वेळेचा रकाना बघते. बहुतेक वह्यांत एकच वेळ असते: सकाळी, उपाशीपोटी. ऑटोइम्यून हिपॅटायटिसच्या रुग्णाला नेमकी हीच वेळ फसवते.

या आजारात प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटते. रुग्णांत बायका जास्त. 'मी दारूच्या थेंबालाही शिवले नाही, मग लिव्हर कसं गेलं?' हा त्यांचा प्रश्न ऐकून माझा जीव तुटतो, कारण घरातल्यांनी आधीच संशय घेतलेला असतो. उपचार म्हणजे प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आणि जोडीला बहुधा अझाथायोप्रिन. स्टेरॉइडने या आजारातले मृत्यू कमी होतात, हे लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमधल्या चाचणीने १९७१ सालीच दाखवलं. म्हणून स्टेरॉइडने शुगर वाढली तरी गोळी स्वतःहून सोडायची नसते. गोळी चालू ठेवूनच शुगर आवरायची, आणि माझं काम तिथे सुरू होतं.

गोळी सकाळी नाश्त्यानंतर एकदाच घेतात. तिचा जोर दुपारी चढतो, संध्याकाळपर्यंत टिकतो आणि रात्री ओसरतो. सकाळपर्यंत शुगर पुन्हा जागेवर आलेली असते.

"रोज शंभरच्या आत येते हो," एक मावशी परवा म्हणाल्या. वहीत ओळीने ९४, ९८, ९१. प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम नुकतंच सुरू झालेलं. मी त्यांना साबणाने हात धुऊन यायला सांगितलं. बोटाला फळाचा रस लागलेला असला तरी मीटर तो मोजतं. बोटाच्या कडेला सुई टोचली, कारण मधोमध जास्त दुखतं. पहिला थेंब पुसला, दुसरा स्ट्रिपला लावला. २८६. दुपारचे चार वाजले होते.

"मीटर बिघडलंय का?"

"मीटर बरोबर आहे, मावशी. तुम्ही तपासत होता ती वेळ चुकीची होती."

"म्हणजे मला आता कायमचा डायबिटीस?"

याला हो-नाही असं उत्तर नसतं. आधीपासून कल असेल तर स्टेरॉइड तो उघडा पाडतं; काहींची शुगर डोस उतरल्यावर आपोआप खाली येते. लहान मुलांचं वेगळं. तिथे टाइप १ मधुमेह आणि यकृताचा हा आजार कधी कधी एकाच मुलात आढळतात, कारण दोन्हींच्या मुळाशी बिघडलेली प्रतिकारशक्तीच असते.

लाल पेशींना चिकटलेल्या साखरेवरून तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या एचबीएवनसीवरही या ओपीडीत डोळे झाकून विसंबता येत नाही. लाल पेशी एरवी साधारण १२० दिवस जगते. सिरोसिसमध्ये प्लीहा सुजते, पेशी लवकर मोडतात, साखर चिकटायला पुरेसा वेळच मिळत नाही. मग रिपोर्ट चांगला येतो आणि घरी पेढे वाटले जातात.

गुळवेलीचं मी प्रत्येकाला विचारते. शुगरसाठी काढा घेणारे आपल्याकडे पुष्कळ. गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला ऑटोइम्यूनसारखी इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही. ज्याचं यकृत आधीच दुखावलंय त्याला मात्र मी काढा बंद करून डॉक्टरांना दाखवायला सांगते.

मावशींना डॉक्टरांनी सकाळच्या गोळीबरोबर एनपीएच इन्सुलिन सुरू केलं. त्याचा जोरही दुपारीच असतो, म्हणून जोडी जमते. मला धास्ती असते ती डोस उतरतानाची. प्रेडनिसोलोन कमी झालं आणि इन्सुलिन तेवढंच राहिलं, तर शुगर एकदम कोसळते. सिरोसिस झालेल्या यकृतात साखरेचा साठा तुटपुंजा असतो, त्यामुळे रात्र जास्त धोक्याची. अशा रुग्णांना आम्ही झोपण्याआधी थोडं खायला सांगतो आणि उपवास बंद करायला लावतो; एकादशी असली तरी. गोळी ४० वरून ३० वर आली की इन्सुलिनचं त्याच दिवशी विचारायचं, पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, हे मी वहीच्या पहिल्याच पानावर लाल पेनाने लिहून देते.