‘नंबर चार’चा मेढेकोट

सरहद्दीवरील किल्ला राजानें बांधावा व रयतेनें त्याच्या आश्रयास राहावें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. उत्तर अमेरिकेंतील इंग्रज वसाहतींच्या सीमेवर हा क्रम पुष्कळदां उलटा दिसतो. कनेक्टिकट नदीच्या पूर्वतीरावरील ‘नंबर चार’ हें ठाणें याचें बोलकें उदाहरण होय.

मॅसॅच्युसेट्स सरकारनें आंखून दिलेल्या गांवांच्या ओळींतील हें चौथें गांव. त्यावरून त्याचें नांव पडलें. १७४० च्या सुमारास तेथें वस्ती झाली. त्याच वर्षीं इंग्लंडांत सीमेचा निवाडा होऊन हा मुलूख न्यू हॅम्पशायरकडे गेला. नव्या सरकारास इतक्या दूरच्या गांवाच्या रक्षणाचा खर्च आपला वाटेना. जुन्या सरकारच्या दृष्टीनें तें परक्या हद्दींतलें झालें. फ्रान्सशीं युद्ध जुंपण्याचीं चिन्हें दिसूं लागतांच १७४३ च्या नोव्हेंबरांत गांवच्या जमीनधारकांनीं सभा भरवून स्वतःवर कर बसविला व कोट उभारला. राहतीं घरेंच चौकोनांत एकमेकांस जोडून घेतलीं आणि बाहेरून लांकडें रोवून मेढेकोट केला. असा कोट तोफेपुढें टिकावयाचा नाहीं. परंतु त्या निबिड अरण्यांतून तोफा आणणें शत्रूस दुर्घट होतें. खरें भय आगीचें होतें.

१७४४ त युद्ध सुरू झालें व १७४६ त गांवावर हल्ले होऊं लागले. तेव्हां कोटाची मर्यादाही कळून आली. माणसें तटाच्या आंत सुरक्षित होतीं. शेतें, गुरें व गिरणी बाहेर होतीं. गाई दोहण्यास निघालेल्या स्त्रियांच्या सोबतीस गेलेला एक इसम मारला गेला. हिंवाळ्याच्या तोंडीं गांव ओस पडलें.

१७४७ च्या मार्चांत कॅप्टन फिनिअस स्टीव्हन्स मॅसॅच्युसेट्सच्या चाकरींतील ३० लोकांनिशीं परत आला. कोट त्यास शाबूत सांपडला. एप्रिलांत कुत्रीं अस्वस्थ झाल्यावरून शत्रूची चाहूल लागली, व लौकरच फ्रेंच आणि त्यांचे दोस्त इंडियन यांचा वेढा पडला. त्यांनीं कुंपणें पेटविलीं व जळते बाण सोडले. स्टीव्हन्सनें तटाखालून बाहेर निघणारे चर खणविले. त्यांत उभें राहून सुरक्षितपणें तटावर पाणी मारतां येई. इंग्रजी वृत्तांतांत ‘देबेलीन’ म्हणून येणारा शत्रूचा सेनानी म्हणजे बूशे द निव्हरव्हिल होय. त्यानें आपल्यापाशीं ७०० लोक असल्याचें सांगून शरण येण्यास बजाविलें. धाक घालूं पाहणाऱ्या शत्रूच्या तोंडचा हा आंकडा जसाच्या तसा स्वीकारतां येत नाहीं. स्टीव्हन्सनें शिपायांचा कौल घेतला. सर्वांनीं लढण्याचेंच ठरविलें. शेवटीं अन्न संपलेल्या शत्रूनें धान्य विकत मागितलें. पैशानें धान्य मिळणार नाहीं, मात्र सोडलेल्या प्रत्येक कैद्यामागें ५ बुशेल मका देऊं, असें स्टीव्हन्सनें कळविलें. शत्रु निघून गेला. कोटांतील एकही मनुष्य मेला नाहीं. आरमाराचा सेनानी चार्ल्स नोल्स यानें स्टीव्हन्सला तलवार पाठविली; १७५३ त त्याच्याच नांवावरून गांवास चार्ल्सटाउन हें नांव मिळालें.

येथवरची हकीकत इंग्रज वसाहतवाल्यांच्या बाजूची झाली. ज्यांस ते शत्रु म्हणत, त्यांतील अबेनाकी लोकांची ही भूमि होती. १७५२ त स्टीव्हन्स कैदी सोडविण्यासाठीं माँट्रियल येथें गेला असतां अबेनाकींच्या वक्त्यानें त्यास स्पष्ट बजाविलें कीं, न विकलेल्या जमिनीवर इंग्रजांनीं पुढें सरकूं नये. वस्तीचें रक्षण करणारा कोट अबेनाकींच्या दृष्टीनें अतिक्रमणाची खूण होता.

तह झाल्यावर लोक कोटाबाहेर राहूं लागले. ३० ऑगस्ट १७५४ रोजीं पहांटे सुसाना जॉन्सन ही गर्भवती स्त्री कोटाबाहेरील आपल्या घरांतून कुटुंबासह अबेनाकींकडून पकडली गेली. दुसऱ्याच दिवशीं अरण्यांत तिला कन्या झाली. मुलीच्या नांवांत ‘कॅप्टिव्ह’, म्हणजे बंदी, हा शब्द घालण्यांत आला.

सात वर्षांपूर्वीं वेढ्यांतून तरलेला कोट या कुटुंबाच्या उपयोगी पडला नाहीं. गांवकऱ्यांनीं तट उभारून जीव वांचविले हें निर्विवाद होय. परंतु जमीन कोणाची, हा मूळ तंटा तटानें मिटला नाहीं. यास्तव अशा कोटांचा इतिहास लिहितांना आंतल्यांच्या पत्रांबरोबर बाहेरच्यांचीं भाषणेंही पुढ्यांत ठेविलीं पाहिजेत.