विकलेल्या मालाचे पैसे परत जातात तेव्हा

कार्डाने पैसे भरून केलेल्या खरेदीबद्दल ग्राहकाने विक्रेत्याऐवजी थेट आपल्या बँकेकडे हरकत घेतली आणि बँकेने ती दाखल करून घेऊन विक्रेत्याच्या पदरात पडलेली रक्कम उलट वळती करून घेतली, तर त्या प्रक्रियेला चार्जबॅक म्हणतात. परतावा विक्रेता स्वतःहून देतो. चार्जबॅकमध्ये मात्र त्याची संमती कोणी विचारत नाही आणि बहुतेक वेळा त्याला बातमी लागते ती रक्कम अडकल्यावर किंवा गेल्यावरच. मोठ्या कंपन्यांकडे अशा तक्रारी हाताळणारा स्वतंत्र विभाग असतो. घरातून मसाले, साड्या किंवा दिवाळीचा फराळ विकणाऱ्या माणसाला मात्र पॅकिंग, कुरिअर आणि हिशेब यांतून वेळ काढून हा वाद एकट्याने लढावा लागतो, आणि एखाद्या महागड्या मागणीवर आलेला चार्जबॅक त्याचा महिन्याचा नफा पुसून टाकू शकतो.

तरीही चार्जबॅकचा हक्क मुळात न्याय्य आहे, हे आधी स्पष्ट करायला हवे. अमेरिकेत १९७४ च्या फेअर क्रेडिट बिलिंग कायद्याने क्रेडिट कार्डाच्या बिलातील चुकीबद्दल लेखी हरकत घेण्याचा अधिकार ग्राहकाला दिला, आणि त्याच वर्षीच्या ब्रिटिश ग्राहक पतपुरवठा कायद्याने ठरावीक मर्यादेतील खरेदीसाठी विक्रेत्याबरोबर पतपुरवठादारालाही जबाबदार धरले. ज्याचा चेहरा पाहिलेला नाही अशा दुकानदाराला आगाऊ पैसे देण्याची हिंमत लोकांना झाली ती अशा संरक्षणामुळेच, आणि ऑनलाइन व्यापार याच विश्वासावर उभा आहे. भारतात चार्जबॅकसाठी वेगळा कायदा नाही. ही प्रक्रिया व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे यांसारख्या कार्ड जाळ्यांच्या नियमांनुसार चालते. तिला जोड मिळते ती रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकांची. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, ग्राहकाची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कोणी खात्यातून पैसे काढले आणि ग्राहकाने बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत ते कळवले, तर त्याच्यावर काहीही भार पडत नाही.

पैशाचा प्रवास समजला की पुढचा गुंता सुटतो. ग्राहकाला कार्ड देणारी एक बँक असते, विक्रेत्याच्या वतीने पैसे स्वीकारणारी दुसरी, आणि दोघींना जोडणारे कार्डाचे जाळे असते. छोटा विक्रेता सहसा स्वीकारणाऱ्या बँकेशी थेट करार करत नाही. तो पेमेंट ॲग्रीगेटरमार्फत, म्हणजे अनेक विक्रेत्यांचे पैसे गोळा करून ज्याचे त्याला पोचवणाऱ्या मध्यस्थ कंपनीमार्फत, व्यवहार करतो. हरकत आली की ॲग्रीगेटर तेवढी रक्कम विक्रेत्याच्या पुढच्या जमेतून कापतो किंवा रोखून धरतो, शिवाय करारानुसार शुल्क लावतो, आणि ठरावीक तारखेपर्यंत पुरावे मागवतो. ग्राहकाला हरकत घेण्यासाठी बहुतेक कारणांबाबत १२० दिवसांपर्यंत मुदत असते, तर विक्रेत्याच्या हाती ई-मेल पडेपर्यंत उत्तरासाठी बऱ्याचदा मोजके दिवसच उरतात. हा ई-मेल जाहिरातींच्या ढिगात हरवला आणि मुदत टळली, तर पुरावा कितीही भक्कम असला तरी दावा हातचा जातो. उत्तर वेळेत गेले, तर कार्ड देणारी बँक ते तपासते. ते तिला पटले नाही तर वाद आणखी एक पायरी चढतो आणि शेवटी कार्ड जाळ्याच्या लवादापुढे जातो. त्या लवादाचे शुल्क छोट्या व्यवहाराच्या रकमेहून सहज मोठे ठरू शकत असल्याने पहिले उत्तर हेच छोट्या विक्रेत्याचे खरे, आणि बहुधा एकमेव, उत्तर असते.

प्रत्येक हरकतीसोबत कारणाचा एक सांकेतिक क्रमांक येतो आणि तोच सर्वांत आधी वाचायला हवा, कारण एका कारणाला लागू पडणारा पुरावा दुसऱ्या कारणात निरुपयोगी असतो. व्यवहार आपण केलाच नाही, अशी ग्राहकाची तक्रार असेल, तर भारतीय विक्रेत्याची बाजू पुष्कळदा भक्कम असते. रिझर्व्ह बँकेने २००९ पासून भारतीय कार्डांवरील ऑनलाइन खरेदीसाठी ओटीपीसारखी दुसरी पडताळणी सक्तीची केली आहे, आणि ती पार पडलेल्या व्यवहारात अशा फसवणुकीची जबाबदारी सामान्यतः कार्ड देणाऱ्या बँकेकडे जाते. परदेशी कार्डांचे तसे नाही. अमेरिकेत अशी पडताळणी सक्तीची नसल्याने न्यू जर्सीतील एखाद्या मराठी घरातून पुण्याच्या विक्रेत्याकडे आलेली फराळाची मागणी नुसत्या कार्ड क्रमांकावर पूर्ण होऊ शकते आणि कार्ड चोरीचे निघाले तर माल आणि पैसे दोन्ही विक्रेत्याचे जातात. म्हणून परदेशी मागण्या घेणाऱ्याने आपल्या ॲग्रीगेटरकडे ही पडताळणी चालू करून मागावी, आणि कार्डाचा देश एक, माल पोचवायचा देश दुसरा, असे दिसले तर पार्सल रवाना करण्यापूर्वी ग्राहकाशी फोनवर बोलावे. सीमाशुल्क कोणी भरायचे हेही आधीच लिहून ठेवावे, कारण शुल्कापायी अडकलेले पार्सल पुढे ‘माल मिळाला नाही’ या तक्रारीचे रूप घेते.

‘माल मिळाला नाही’ या तक्रारीत सारा भर पोचपावतीवर असतो, आणि इथे छोटे विक्रेते पुष्कळदा हरतात. कुरिअरच्या संकेतस्थळावरील ‘पोचले’ एवढा शब्द पुरेसा नसतो. तारीख, पूर्ण पत्ता आणि घेणाऱ्याची सही किंवा ओटीपीची नोंद असलेली पोच लागते. शहरांतील गृहसंकुलांत पार्सल फाटकावरचा सुरक्षारक्षक घेतो, पोचेवर त्याची सही असते, आणि ग्राहक हातात काहीच आले नाही असे प्रामाणिकपणे सांगू शकतो. महागड्या मालासाठी म्हणूनच ओटीपी घेऊनच पार्सल देणारी सेवा निवडावी. तिचा जादा खर्च किमतीत धरणे परवडते. कुरिअर कंपन्या पोचेच्या नोंदी कायम ठेवत नाहीत. माल पोचल्याच्या दिवशीच पोच उतरवून घेऊन त्या मागणीच्या क्रमांकाखाली बिल, वजनाची पावती आणि पॅकिंगचे छायाचित्र यांसह जपून ठेवली, तर पुढे शोधाशोध करावी लागत नाही.

माल वर्णनाप्रमाणे नाही, ही तक्रार अधिक नाजूक असते, कारण तिच्यात दोन्ही बाजू खऱ्या असू शकतात. येवल्याहून अठरा हजार रुपयांची पैठणी साडी पाठवणाऱ्या विक्रेत्याचे उदाहरण घेता येईल. छायाचित्र दिव्यांच्या प्रखर उजेडात काढले असेल तर ग्राहकाच्या घरी पोचलेला मोरपंखी रंग वेगळाच दिसतो, आणि हातमागावरच्या विणीतील बारीक असमानता अनभिज्ञ ग्राहकाला दोष वाटते. वर्णनात हातमाग की यंत्रमाग, रेशीम शुद्ध की मिश्र, जरतार कोणती आणि काठ-पदराची माहिती स्पष्ट लिहिलेली असेल, तर बँकेतील अधिकाऱ्यापुढे ठेवायला काहीतरी असते. मिश्र धाग्याची सेमी पैठणी नुसती ‘पैठणी’ म्हणून विकली असेल, तर त्या विक्रेत्याने हरणेच योग्य आहे. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार सदोष किंवा जाहिरातीप्रमाणे नसलेला माल परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही, आणि ग्राहकाची तक्रार मिळाल्याची पोच अठ्ठेचाळीस तासांत व निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे. व्हॉट्सॲपवरील तक्रारीला चार दिवस उत्तर न मिळालेला ग्राहक बँकेकडे वळला, तर त्याला दोष देता येणार नाही.

काही चार्जबॅक निव्वळ गैरसमजातून येतात. दुकानाचे नाव एक आणि बँकेच्या तपशिलात झळकणारे नाव मालकाच्या जुन्याच फर्मचे, असे असले की ग्राहक ती नोंद ओळखत नाही. कधी मुलाने वडिलांच्या कार्डावर खरेदी केलेली असते आणि वडिलांना त्याचा पत्ता नसतो. तपशिलात दुकानाचेच नाव यावे, अशी विनंती ॲग्रीगेटरला करता येते आणि एवढ्या एका दुरुस्तीने पुष्कळ वाद टळतात. याहून धोकादायक प्रकार म्हणजे दुहेरी परतावा. कार्डाने आलेले पैसे ग्राहकाच्या आग्रहावरून यूपीआयने परत पाठवले आणि नंतर चार्जबॅकही आला, तर रक्कम दोनदा जाते आणि पहिला परतावा त्याच व्यवहाराचा होता हे सिद्ध करणे अवघड होते. परतावा नेहमी मूळ मार्गानेच द्यावा आणि त्याचा संदर्भ क्रमांक जपावा. हरकत दाखल झाल्यानंतर तर वेगळा परतावा देऊच नये.

यूपीआयवरही बँकेमार्फत हरकत घेता येते. व्यवहार बहुतेक वेळा ग्राहकाने पिन टाकूनच पूर्ण होत असल्याने चोरीच्या कार्डाचा प्रश्न तिथे सहसा उद्भवत नाही. ग्राहकाच्या खात्यातून पैसे गेले पण विक्रेत्याला पैसे मिळाल्याची खात्री मिळाली नाही, अशा व्यवहारात रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार रक्कम पाच दिवसांत आपोआप परत जायला हवी आणि उशीर झाल्यास ग्राहकाला दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते. अशा वेळी ग्राहकाने दाखवलेल्या स्क्रीनशॉटवर माल देऊन टाकू नये. स्वतःच्या खात्यातील जमा हीच खूण मानावी. १९३० या सायबर हेल्पलाइनवर कोणी केलेल्या तक्रारीतून विक्रेत्याच्या खात्यातील रक्कम गोठवली जाते, ती बाब मात्र चार्जबॅकहून वेगळी आहे. तिथे बिल आणि मालाची पोच बँकेबरोबर तपासी पोलिसांकडेही द्यावी लागते.

चार्जबॅकला द्यायचे उत्तर एका पानात मावायला हवे: मागणी केव्हा आली, काय विकले, केव्हा कुठे पोचले, ग्राहकाशी काय बोलणे झाले, आणि प्रत्येक विधानासमोर त्याचा कागद. ग्राहकाच्या हेतूंवर शेरे मारल्याने बाजू दुबळी होते. चूक आपलीच असेल, तर मुदत संपण्याची वाट न पाहता दावा मान्य करणे हेच शहाणपणाचे, कारण प्रत्येक हरकत विक्रेत्याच्या नावावर नोंदली जाते आणि तिचे प्रमाण वाढले की खाते बंद होण्याची वेळ येते.

या व्यवस्थेतील एक गोष्ट मात्र समर्थनीय नाही. अनेक करारांत विक्रेता वाद जिंकला तरी चार्जबॅकचे शुल्क त्याला परत मिळत नाही, म्हणजे निर्दोष ठरलेल्यालाच खर्च सोसावा लागतो. जिंकलेल्या विक्रेत्याचे शुल्क परत द्यावे आणि उत्तरासाठी त्याला किमान दहा कामकाजाचे दिवस मिळावेत, अशी अट रिझर्व्ह बँकेने पेमेंट ॲग्रीगेटरांवर घालावी, आणि छोट्या विक्रेत्यांच्या संघटनांनी ही मागणी लेखी स्वरूपात लावून धरावी.