थायरॉइडच्या गोळीने पित्त उठते तेव्हा

थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त संप्रेरक तयार करू लागली की छातीत धडधड, हातांना कंप आणि वजनात घट सुरू होते. त्यावर सहसा कार्बिमाझोल दिले जाते. शंभरातल्या साधारण पाच रुग्णांना या गोळीने पुरळ येते, खाज सुटते किंवा अंगावर पित्त उठते, बहुधा पहिल्या काही आठवड्यांत. घरोघरी मग आमसुलाचे पाणी लावले जाते आणि गोळीवर कुणाचा संशयही जात नाही.

सौम्य पुरळ असेल तर गोळी बंद करावीच लागते असे नाही. डॉक्टर सेटिरिझिनसारखे औषध जोडीला देतात. तेवढ्याने भागले नाही तर प्रोपिलथायोयुरॅसिलचा पर्याय असतो. कार्बिमाझोलऐवजी मेथिमाझोल घेण्यात अर्थ नाही, कारण शरीरात कार्बिमाझोलचे मेथिमाझोलच होते. प्रोपिलथायोयुरॅसिलही अनेकांना सोसत नाही, शिवाय ही गोळी यकृताला गंभीर इजा करू शकते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2010 मध्ये तिच्यावर कडक इशारा छापायला लावला. ओठ-चेहरा सुजणे, धाप लागणे, सांधे धरणे किंवा डोळे पिवळे होणे ही लक्षणे दिसली तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना गाठावे.

खरा धोका मात्र पुरळाइतका डोळ्यांत भरत नाही. हजारात एक ते पाच रुग्णांमध्ये, बहुतेकदा पहिल्या तीन महिन्यांत, संसर्गाशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी जवळजवळ नाहीशा होतात. सुरुवात ताप आणि घसादुखीने होते. अशा वेळी पुढची गोळी न घेता त्याच दिवशी सीबीसी ही रक्ततपासणी करावी. अहिल्यानगरसारख्या विस्तीर्ण जिल्ह्यात पावसाळी तापाच्या गर्दीत हे निसटणे सोपे आहे. डेंग्यूतही पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून अहवालात न्यूट्रोफिलचा आकडा वेगळा पाहावा लागतो. पाथर्डी, शेवगावकडून ऊसतोडीला गेलेल्या रुग्णाला तर फडाजवळच्या अनोळखी डॉक्टरला गोळीचे नाव स्वतःच सांगावे लागते. पाकीट जवळ असलेले बरे.

एकदा पेशी अशा घटल्या की या गटातली कोणतीही गोळी पुन्हा देत नाहीत. मग शस्त्रक्रिया किंवा किरणोत्सारी आयोडीन उरते. भाभा अणुसंशोधन केंद्राचे परळचे रेडिएशन मेडिसिन सेंटर 1963 पासून या कामात आहे. गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रियांना हे आयोडीन देत नाहीत. नंतर बहुतेकांची ग्रंथी मंदावते आणि थायरॉक्सिनची गोळी रोज, जन्मभर घ्यावी लागते.