कुरूप की चामखीळ? ब्लेड लावण्याआधी पाय नीट बघा



तळपायाला काही कडक लागलं की आपण म्हणतो, "कुरूप झालंय," आणि घेतो ब्लेड. पण प्रत्येक गाठ कुरूप नसते. आधी पाय धुऊन, पुसून उजेडात बघा.

घट्टा : टाचेला किंवा चवड्याखाली पसरट, पिवळसर, जाड कातडी. कातडीच्या रेषा त्यावरूनही दिसतात. बहुतेक वेळा दुखत नाही.

कुरूप : लहान, गोल, मधोमध कडक. वरून दाबलं की खडा टोचल्यासारखं दुखतं. चपलेचा दाब किंवा घासणं हे याचं कारण. "मूळ राहिलं म्हणून परत आलं" असं आपण म्हणतो. पण कुरुपाला मूळ नसतंच. दाब तसाच राहतो, म्हणून ते परत येतं.

चामखीळ : ही विषाणूमुळे होते. वरून खरखरीत, कातडीच्या रेषा तिथे तुटतात, आत बारीक काळे ठिपके दिसू शकतात. दोन्ही बाजूंनी चिमटीत धरली की जास्त दुखते. कापली तर रक्त येतं आणि ती पसरू शकते. दुसऱ्यालाही होऊ शकते. म्हणून चप्पल, टॉवेल, वज्री वेगळी ठेवा. पुष्कळदा ती काही महिन्यांनी आपोआप जाते. दुखत किंवा वाढत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

घट्टा आणि कुरूप यांवर घरचा उपाय साधा आहे. दहा मिनिटं कोमट पाण्यात पाय ठेवा, वज्रीने हलकं घासा, तेल लावा. बोटं आवळणार नाहीत अशी चप्पल घाला.

शुगर असेल किंवा पाय बधिर वाटत असतील तर मात्र घरी काहीच करू नका. ब्लेड नको, कॉर्न कॅपही नको. तिच्यात कातडी जाळणारं औषध असतं. बधिर पायाला जखम कळत नाही, ती चिघळते आणि पाय कापायची वेळ येऊ शकते.

काळा डाग वाढतोय, रंग बदलतोय, गाठीतून रक्त येतंय किंवा जखम भरत नाही, तर थांबू नका. आशाताईंना सांगा, आरोग्य केंद्रात दाखवा.

पुढच्या बैठकीत बचतीच्या वह्या भरून झाल्या की पाच मिनिटं एकमेकींचे तळपाय बघा. स्वतःचा तळपाय आपल्याला नीट दिसत नाही, शेजारणीला दिसतो.