फोर बाय फोर गाडी टो करायचीय? दोन चाकं उचलू देण्याआधी हे वाचा

तुमच्याकडे किंवा तुमच्या ग्रुपमधल्या कुणाकडे फोर बाय फोर थार, जिम्नी, स्कॉर्पिओ-एन असेल, तर आजचा विषय तुमच्या कामाचा आहे. गाडी घाटात बंद पडते, आपण ॲपवरून मदत मागवतो, आणि येते ती पुढची दोन चाकं उचलून नेणारी टोइंग व्हॅन. ड्रायव्हर म्हणतो, "टेन्शन घेऊ नका, रोजच्या दहा गाड्या नेतो." नेतही असेल. पण त्या दहापैकी बहुतेक हॅचबॅक आणि सेडान असतात, आणि तुमची गाडी तशी नाही.

साध्या फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत इंजिनची ताकद फक्त पुढच्या चाकांना जाते. पुढची चाकं उचलली की मागची नुसती घरंगळत येतात. अमेरिकेत मोटरहोमच्या मागे छोटी गाडी न्यायला जी टो डॉली वापरतात, ती याच तत्त्वावर चालते. दोन चाकांची छोटी ट्रॉली, तिच्यावर गाडीची पुढची चाकं पट्ट्यांनी बांधलेली, मागची रस्त्यावर. आपल्याकडची चाकं उचलणारी व्हॅन म्हणजे तोच प्रकार.

आता फोर बाय फोरचं बघू. मागच्या चाकांपासून एक लांब प्रॉपेलर शाफ्ट ट्रान्सफर केसपर्यंत येतो आणि तिथून दुसरा शाफ्ट पुढच्या चाकांकडे जातो. गाडी ४एच किंवा ४एल मध्ये असेल तर हे दोन्ही शाफ्ट एकमेकांना जखडलेले असतात. म्हणजे मागची चाकं रस्त्यावर फिरली की डॉलीवर बांधलेली पुढची चाकंही फिरायला बघणार! मग एकतर पट्ट्या तुटतात आणि गाडी डॉलीवरून उडी मारते, नाहीतर आतलं काहीतरी मोडतं. मागून दुचाकीवर कुणी येत असेल तर काय होईल, विचार करा.

"मग २एच मध्ये टाकतो ना!" असं कमेंटमध्ये कुणीतरी लिहिणारच, म्हणून आधीच सांगतो. २एच मध्ये पुढचा शाफ्ट सुटतो हे खरं, पण मागचा जोडलेलाच राहतो. ताशी ४० किमी वेगाला थारसारख्या गाडीचं चाक मिनिटाला साधारण २७० वेळा फिरतं. मागच्या डिफरन्शियलचं प्रमाण चारच्या आसपास धरलं, तर शाफ्ट मिनिटाला हजारावर फेरे मारतो. गिअर न्यूट्रलमध्ये असला तरी गिअरबॉक्सचा मागचा भाग त्याच्याबरोबर फिरत राहतो. आणि इंजिन बंद! ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला ऑइल पंप सहसा इंजिनवरच चालतो, तो थांबलेला. मॅन्युअलमध्येही तेल उडवणारे खालचे गिअर न्यूट्रलमध्ये जवळपास उभे असतात. थोडक्यात, भाग फिरताहेत आणि तेल पोहोचत नाहीये. वाईट म्हणजे हे बाहेरून दिसत नाही. गाडी गॅरेजला पोहोचते, मूळ बिघाड दुरुस्त होतो, आणि गिअरबॉक्सचा आवाज नंतर सुरू होतो. तेव्हा टोइंगवाल्याला काय सिद्ध करून दाखवणार?

गंमत बघा. जीप रँग्लरच्या मॅन्युअलमध्ये चारही चाकं जमिनीवर ठेवून टो करायला परवानगी आहे, पण दोन चाकं उचलून न्यायला सरळ मनाई आहे. चार चाकं जमिनीवर असतील तर ट्रान्सफर केस एन मध्ये टाकायचा. त्यामुळे गिअरबॉक्स चाकांपासून पूर्ण वेगळा होतो. अशा बऱ्याच ट्रान्सफर केसमध्ये एन ला पुढचा आणि मागचा शाफ्ट मात्र एकमेकांना जोडलेलेच राहतात. चारही चाकं सारखी फिरली तर ठीक, दोनच फिरली तर गोंधळ.

थारच्या लिव्हरवरही एन आहे, पण म्हणून रँग्लरची रीत डोळे झाकून लावू नका. प्रत्येक गाडीचं मॅन्युअल वेगळं सांगतं. आणि एन ची एक बाजू फार धोक्याची आहे. ट्रान्सफर केस एन मध्ये गेला की गिअर पार्कमध्ये असो वा पहिल्यात, गाडी धरून ठेवत नाही. उतारावर फक्त हँडब्रेक आणि चाकाखालचा दगड. म्हणून आधी दगड, मग हँडब्रेक, मग लिव्हर.

ज्यांच्यात लिव्हरच नसतो आणि ताकद कुठे द्यायची ते गाडीच ठरवते, त्या ऑल व्हील ड्राइव्ह गाड्या तर डॉलीवर चढवूच नका. मधलं कपलिंग तापतं. हॅरियर ईव्हीच्या दोन मोटरवाल्या गाडीचंही तसंच, कारण तिथे पुढच्या आणि मागच्या चाकांना स्वतंत्र मोटर जोडलेली आहे.

मग करायचं काय? फ्लॅटबेड मागवायचा, म्हणजे सपाट ट्रकवर चारही चाकं चढवून. माझ्या मते बाकी सगळे जुगाड आहेत. ॲपमध्ये गाडीचं मॉडेल भरून भागत नाही, कारण थार टू व्हील ड्राइव्हमध्येही मिळते. फोनवर स्पष्ट सांगा, "गाडी फोर बाय फोर आहे, फ्लॅटबेडच पाठवा." तेच मेसेजमध्येही लिहा, म्हणजे पुरावा राहतो. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ ला फोन करतानाही हेच वाक्य. मॅन्युअलमधल्या टोइंगच्या पानाचा स्क्रीनशॉट आजच फोनमध्ये ठेवा. घाटात रेंज नसते, तेव्हा पीडीएफ उघडत बसता येत नाही.

फ्लॅटबेड मिळतच नसेल, तर व्हॅनवाल्याकडे मागच्या चाकांखाली लावायच्या छोट्या चाकांच्या डॉल्या आहेत का ते विचारा. पुढची चाकं व्हॅनवर, मागची डॉल्यांवर, म्हणजे गाडीचं एकही चाक फिरत नाही. तेही नसेल तर जाणकार मेकॅनिककडून मागचा प्रॉपेलर शाफ्ट सोडवून घेता येतो, पण ट्रान्सफर केस २एच मध्येच हवा आणि मॅन्युअलची ना नसावी. गाडी निघण्याआधी पट्ट्या आणि सेफ्टी चेन मोबाइलवर शूट करा, चार-पाच किलोमीटरवर थांबवून पट्ट्या परत ओढून बघायला सांगा, आणि ओढल्या जाणाऱ्या गाडीत कुणालाही बसू देऊ नका, झोपलेल्या मित्रालाही नाही.