कणीक मळणारी मुले

पावाविषयी मराठी मनात एक जुनी धास्ती आहे. पोर्तुगीज अंमलाखालच्या मुलुखात पाद्र्यांनी विहिरीत पावाचा तुकडा टाकला आणि ते पाणी प्यायल्यामुळे अख्खे गाव बाटले, ही दंतकथा वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली नाही असा माणूस आपल्याकडे विरळा. आणि दंतकथा बाजूस ठेवली, तरी १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहाबिस्किटे पुढे आली म्हणून रानडे, टिळक यांच्यासारख्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे प्रकरण, ओढवले आणि ते प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेले, हा तर दप्तरी नमूद असलेला इतिहास आहे. तेव्हा लहान मुलांबरोबर भाकर भाजता भाजता त्यांना ख्रिस्ती श्रद्धेची ओळख करून देण्याची जी रीत देशोदेशीच्या मंडळ्यांत आढळते, तिच्याविषयी तिवसा तालुक्यातील वाचकासाठी लिहावयाचे, तर ही धास्ती जमेस धरूनच लिहिले पाहिजे.

वऱ्हाडात या धास्तीला आणखी एक पदर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या मिशनने अकोला व खामगाव येथे निराधार मुलामुलींना आश्रय दिला. पंडिता रमाबाई मध्य प्रांतात जाऊन दुष्काळात सापडलेल्या मुली घेऊन आल्या आणि केडगावच्या मुक्तिसदनाचा विस्तार त्यांतूनच झाला. त्या अन्नाने जीव वाचले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु भुकेल्या हातावर भाकर ठेवली आणि तिच्याबरोबर धर्मही ठेवला, म्हणजे यांतले आपण स्वेच्छेने काय घेतले हे त्या घेणाऱ्याला पुढे धड सांगता येत नाही, आणि ‘पोटासाठी बाटले’ हा शिक्का, तो खरा असो वा खोटा, त्याच्या नातवंडांच्या कपाळीही राहतो.

मुलाने स्वतः कणीक मळण्याची रीत नेमकी येथे निराळी पडते; तीत मूल याचक नसते, देणारे असते. येशूने पाच हजारांना जेवू घातल्याची कथा चारही शुभवर्तमानांत आहे, पण त्या पाच भाकरी एका मुलाजवळच्या होत्या आणि त्या जवाच्या होत्या, हे एकटा योहान सांगतो. जव हे त्या प्रदेशातले गरिबांचे धान्य, जशी आपली ज्वारी. चमत्कारावर प्रवचने उदंड झाली. आपल्या जेवणाची शिदोरी त्या पोराने कशी सोडली असेल, याचा विचार मात्र क्वचितच होतो, आणि माझ्या मते मुलांना सांगण्याजोगा भाग तोच आहे.

मारिया मॉन्टेसरी यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बार्सिलोना येथे मुलांकडून गहू पेरवून आणि द्राक्षवेली लाववून, मिस्सेतील, म्हणजे कॅथलिक उपासनेतील, भाकर व द्राक्षारस कोठून येतो हे त्यांना मातीपासून शिकविले. या विदुषीचे बालशिक्षण महाराष्ट्रात रुजविणाऱ्या ताराबाई मोडक विवाहानंतर काही काळ अमरावतीत राहिल्या होत्या. त्यांनी त्यातला धर्म नव्हे, तर हाताने शिकण्याचा भाग उचलला, आणि ते योग्यच झाले. पुढे १९५४ पासून रोममध्ये सोफिया कावाल्लेत्ती आणि जिआन्ना गोब्बी यांनी मॉन्टेसरी पद्धतीवर धर्मशिक्षणाची जी परंपरा उभारली, तिच्यात मुले दोन वाडग्यांत पीठ भिजवितात, एकात खमीर घालतात, दुसऱ्यात घालीत नाहीत, आणि मग वाट पाहतात.

हा प्रयोग आपल्याकडे करण्यास भट्टीची गरज नाही, कारण वऱ्हाडाच्या पदरी रोडगा आहे. गव्हाचे जाडसर पीठ घट्ट भिजवून, गोळे गोवऱ्यांच्या आरात पुरून, वरची राख झटकून, फोडून त्यावर तूप सोडावे: ही अस्सल बेखमीर भाकरच. अर्ध्या कणकेचे रोडगे करावे आणि उरलेली अर्धी, कोमट पाण्यात चिमूटभर साखरेबरोबर फसफसू दिलेले यीस्ट घालून, सैलसर मळून झाकून ठेवावी. यीस्ट साखर खाते आणि वायू सोडते, गव्हातला चिकटपणा तो वायू कोंडून धरतो. ज्वारीत हा चिकटपणा नाही म्हणून तिची भाकर फुगवून ठेवता येत नाही. तिवशाच्या उन्हाळ्यात कणीक पाहता पाहता वर येते, पौषात मात्र ती चुलीजवळ सरकवावी लागते, आणि पोरे दर घटकेस फडके उचलून तिची झडती घेतात. तीन मापे पिठात खमीर लपविणाऱ्या बाईचा येशूने दिलेला दृष्टान्त सांगण्याची वेळ हीच; ती तीन मापे म्हणजे वीस किलोंच्या वर पीठ, शंभर माणसांचे जेवण, हे सांगताच मुलांचे डोळे विस्फारतात. उपासनेतल्या भाकरीत खमीर हवे की नको याविषयी चर्चमध्येही मतभेद आहेत: रोमन कॅथलिकांची भाकर बेखमीर, पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्सांची खमीर घातलेली. रोडगा आणि पाव शेजारी ठेवले, की हा वाद मुलांना चवीनेच कळतो.

भाकर भाजून झाली, की प्रश्न येतो वाटणीचा. केरळातील सुरियानी ख्रिस्ती घरांत गुड फ्रायडेच्या आदल्या, म्हणजे पुण्य गुरुवारच्या रात्री तांदूळ व उडदाची बेखमीर भाकर करतात आणि कुटुंबातील वडीलधारा पुरुष प्रार्थना करून ती तोडून वाटतो. तो परिपाठ सुंदर आहे. पण येथे वाटणीचा अधिकार मी मुलांच्याच हाती देईन.

शेजारचे बिगरख्रिस्ती मूल मळायला आले, तर त्याच्या आईवडिलांना आगाऊ विचारावे. राज्यघटनेच्या २८ व्या अनुच्छेदाने सरकारमान्य वा अनुदानित शाळेत अज्ञान विद्यार्थ्याला धार्मिक शिक्षण देण्यापूर्वी पालकाची संमती आवश्यक ठरविली आहे. घराला तो हुकूम लागू नसला, तरी त्यामागचा न्याय लागू आहे. मोझरीच्या गुरुकुंजात तुकडोजी महाराजांनी सर्वधर्मीयांची सामुदायिक प्रार्थना रूढ केली, ती याच तालुक्यात, तेव्हा प्रार्थनेचे आपल्या लोकांना वावडे नाही. त्यांना वावडे आहे ते आडून केलेल्या गोष्टीचे. आईवडील म्हणाले की मळू द्या पण प्रार्थनेला बसवू नका, तर त्या पोराला प्रार्थनेआधी खुशाल घरी पाठवावे. त्याचा रोडगा मात्र फडक्यात बांधून त्याच्याबरोबर द्यावा. मळला त्याने आहे.